दहा अनोळखी माणसं, एक टेबल : अमेरिकेच्या दक्षिणेतलं घरगुती जेवण

ओसरी

जॉर्जियातल्या सॅव्हानाला जायचं ठरलं की लोक फोर्साइथ पार्कचं कारंजं, झाडांनी झाकलेले चौक, नदीकाठ अशी यादी काढतात. माझी यादी जोन्स स्ट्रीटपासून सुरू होते. १०७ वेस्ट जोन्स स्ट्रीट, मिसेस विल्क्स डायनिंग रूम. पाटी शोधत बसायची गरज नाही, रांग दिसतेच. सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते दुपारी दोन, एवढाच कारभार. रात्रीचं जेवण नाही, आरक्षण नाही, मेनूकार्ड नाही.

सेमा विल्क्स यांनी १९४३ साली ही जागा चालवायला घेतली तेव्हा ते बोर्डिंग हाउस होतं. म्हणजे राहायला खोल्या आणि त्यांच्यासोबत जेवणघर. खोल्यांचा धंदा पुढे संपला, जेवणघर टिकलं. बाई २००२ साली गेल्या, पंचाण्णव वर्षांच्या होऊन. आता घरचीच पुढची पिढी बघते. २००० साली त्यांना खाद्यक्षेत्रातल्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला, आणि मार्च २०१० मध्ये ओबामा तिथे जेवून गेले. पण रांगेतल्या बऱ्याच जणांना यातलं काही माहीत नसतं. त्यांना तळलेलं चिकन हवं असतं.

आत दहा-दहा जणांची टेबलं. तुम्ही चौघं गेलात तर उरलेले सहा कोण, ते तुम्ही ठरवत नाही. बसेपर्यंत टेबल भरलेलं असतं : चिकन, बार्बेक्यू केलेलं पोर्क, बीफ स्ट्यू, लाल भात, रताळ्याचं सूफ्ले, चवळी, भेंडी-टोमॅटो, कोबी, कोलार्डची पालेभाजी, लिमा बीन्स, मक्याचे मफिन, बिस्किटं (आपली नव्हेत, मऊ पावासारखी), मॅकरोनी-चीज. वाडग्यांमध्ये टेबलाचा रंगही दिसत नाही. शेजारचा वाडगा तुमच्याकडे देतो, तुम्ही वाढून घेता, पुढे सरकवता. पाचव्या मिनिटाला ओहायोचा निवृत्त शिक्षक तुम्हाला विचारतो, 'तुमच्याजवळचा तो भोपळा जरा इकडे देता?' आणि बोलणं सुरू होतं. शेवटी बनाना पुडिंग किंवा पीच कॉब्लर. उठताना आपली ताटली आपणच स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेऊन ठेवायची, हा बोर्डिंग हाउसच्या वेळचा नियम अजून पाळतात. खिशात रोकड असू द्या.

मला स्वतःला जेवणाइतकंच ते वाडगे फिरणं आवडतं. समोरच्या माणसाचं मत काय, तो कुणाला मत देतो, काही माहीत नाही, पण त्याच्या हातातून रताळं घ्यावंच लागतं. तुमच्यापैकी कोण अशा ठिकाणी जेवलंय? मिसिसिपी, टेनेसी, अलाबामा, कुठेही. अनुभव लिहा, आणि नावडलं असेल तर तेही लिहा.

चकली_चोर

वाचतोय. भूक लागली. फोटो नाहीत म्हणून निषेध.

भटक्या नाना

चांगला धागा. थोडी भर घालतो.

मिसिसिपीत मॅकूम नावाच्या गावात 'द डिनर बेल' आहे. तिथे गोल टेबल, आणि मध्ये दुसरी गोल फिरती फळी. वाडगे त्या फळीवर. हव्या त्या वाडग्यापर्यंत फळी फिरवायची. यात गंमत अशी की तुम्ही वांग्याच्या तळलेल्या कापांवर डोळा ठेवून बसलेले असता, हात पुढे करता, आणि पलीकडचा माणूस नेमकी तेव्हाच फळी फिरवतो. ही फिरती टेबलं मिसिसिपीची खासियत. मेंडेनहॉल गावच्या हॉटेलात ती १९१५ पासून होती. रेल्वेने येणारे प्रवासी, फिरते विक्रेते उतरायचे, गाडी सुटायच्या आत पटकन जेवून निघायचे.

टेनेसीतल्या लिंचबर्गला मिस मेरी बोबोचं बोर्डिंग हाउस. १९०८ सालापासूनचं. बोबोबाई १९८३ साली वारल्या तेव्हा एकशे दोन वर्षांच्या व्हायला आल्या होत्या! तिथे प्रत्येक टेबलाला एक यजमानीणबाई असते. ती तुमच्यासोबत बसते, गावच्या गोष्टी सांगते, वाडगे योग्य दिशेने जातायत ना यावर नजर ठेवते. जॅक डॅनियलची डिस्टिलरी हाकेच्या अंतरावर, आणि तळलेल्या सफरचंदांत त्या व्हिस्कीचा हात सढळ असतो. गंमत म्हणजे तो अख्खा मूर परगणा कागदोपत्री दारूबंदीचा! इथे मात्र आधी नोंदणी लागते, सॅव्हानासारखं रांगेत उभं राहून भागत नाही.

रानजाई

ओसरी, वर्णन झकास. पण माझा प्रश्न रोकडा आहे. सासू-सासरे येतायत पुण्याहून, दोघं पक्के शाकाहारी, अंडं चालतं. यादीत चवळी, भेंडी, कोबी, पालेभाजी वाचून मी हरखले. नेऊ का?

मीरा_टेनेसी

रानजाई, थांब! दक्षिणेतली भाजी म्हणजे शाकाहारी असं अजिबात समजू नकोस. कोलार्ड तासन्‌तास शिजतो तो डुकराच्या पायाच्या सांध्यासोबत किंवा धुरी दिलेल्या मांसाच्या तुकड्यासोबत. चवळी, घेवडा, लिमा बीन्स, कोबी, सगळ्यांची तीच तऱ्हा. सॅव्हानाच्या लाल भातात बहुतेक ठिकाणी बेकन किंवा सॉसेज पडतं. मक्याच्या ब्रेडच्या तव्याला बेकनची चरबी, बिस्किटांत आणि 'पाय' (pie) नावाच्या पदार्थाच्या पारीत पुष्कळदा डुकराची चरबी. रताळ्यावर मार्शमेलो असेल तर त्यात जिलेटिन. आणि भेंडी तळतात ते तेल चिकनचंच असू शकतं.

साधारण चालण्यासारखं : मॅकरोनी-चीज (दक्षिणेत हे भाज्यांच्या यादीत छापतात, हसू नकोस), क्रीम घातलेला मका, मार्शमेलोशिवायचं रताळं, कोलस्लॉ, टोमॅटोच्या फोडी, काकडीचं लोणचं, ग्रेव्हीशिवाय पांढरा भात, बनाना पुडिंग. तरीही वाढणाऱ्या बाईंना विचारायचं. 'यात मांस आहे का' असं नको विचारू, त्या 'नाही' म्हणतील, कारण दिसण्यासारखा तुकडा त्यात नसतो. 'कशात शिजवलंय' असं विचार. खरं उत्तर मिळतं आणि कुणी वाईटही वाटून घेत नाही. काही ठिकाणी आता हॅमऐवजी टर्की घालतात, पण त्याने तुझ्या सासूबाईंचा प्रश्न सुटत नाही.

रानजाई

मीराताई, वाचवलंत. म्हणजे माणशी पूर्ण पैसे मोजून मका आणि लोणचं.

मीरा_टेनेसी

आणि पुडिंग. पुडिंगला कमी लेखू नकोस.

तिखटजाळ

मला मुळात ही कल्पनाच पटत नाही. दहा परक्या माणसांनी हात लावलेले डाव, सगळ्यांचे श्वास, वर गोग्गोड बोलणं. बाहेर जेवायला जातो ते शांतपणे बायकोशी चार शब्द बोलायला. टेक्सासच्या कुणाच्या तरी नातवंडांचे फोटो बघायला नाही. शिवाय चहासुद्धा असा गोड की चमचा उभा राहावा. मी एकदा गेलो, पुन्हा जाणार नाही.

ओसरी

तिखटजाळ, मत मान्य. गोड चहाबद्दल तर पूर्ण मान्य, अर्धा साधा मिसळून मागायचा. डावाबद्दल मात्र नाही. प्रत्येक वाडग्यात वाढायचा वेगळा चमचा असतो आणि तो कुणी तोंडाला लावत नाही. माझ्या आईला हाच घोर होता. तिचा उष्ट्या-खरकट्याचा हिशोब कडक आहे. तिने आधी पाच मिनिटं नुसतं निरीक्षण केलं, मग म्हणाली, 'आपल्याकडच्या बुफेपेक्षा बरं आहे, लोक निदान बसून खातायत.'

खानावळवाला

मी नाशिकला मेस चालवतो, मुलाकडे शार्लटला आलो की अशा जागा बघतो. धंद्याच्या नजरेने लिहितो, रसभंग झाला तर माफी.

हे मॉडेल फार हुशार आहे. ऑर्डर घेणं नाही, म्हणजे चूक नाही आणि वेळही जात नाही. मेनू एकच, म्हणजे खरेदी मोठी आणि नेमकी. चौघांच्या टेबलावर दोघं बसलेत असं होत नाही, दहाचं टेबल दहांनीच भरतं. चिकन तळून थंड होत पडत नाही, कारण किती टेबलं आत आहेत ते डोळ्यांसमोर असतं. आपल्या पंगतीत वाढपी फिरतो आणि आग्रह करतो, तिथे पाहुणाच वाढपी. एका टेबलाला फार तर एक बाई पुरते, ती रिकामा वाडगा उचलते आणि भरलेला ठेवते. ताटली गिऱ्हाईकच आत नेतं, तीही एका माणसाची मजुरी वाचली, वर लोकांना त्याचं कौतुक!

आणि आपल्या अमर्यादित थाळीवाल्यांनी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वाडगा सगळ्यांसमोर फिरतो तेव्हा माणूस शेवटचे तीन तुकडे एकट्याने उचलत नाही. पुढच्याकडे बघतो, एक घेतो. पाटी लावून 'अन्न वाया घालवू नका' सांगावं लागत नाही.

खर्च वाचतो तो मात्र सगळा हातांवर जातो. पहाटेपासून बिस्किटं, शेंगा सोलणं, पाला धुणं. तीन तासांच्या दुकानामागे दिवस जातो. म्हणून अशा जागा घरच्या माणसांशिवाय टिकत नाहीत. २०२० साली साथीत सगळ्यांत आधी मार बसला तो अशाच टेबलांना. वेगळं बसवायचं म्हटलं की या धंद्याचा पायाच काढून घेतल्यासारखं होतं.

चकली_चोर

खानावळवाला काकांना +१. नाशिकची मेस कुठे आहे ते खाजगी निरोपात कळवा.

अभ्यासू_आळशी

धागा गोड चालला आहे, थोडं मीठ टाकतो.

ओसरी लिहितात, शेजारी कोण ते आपण ठरवत नाही. १९४३ साली हे वाक्य दक्षिणेत कुणी लिहू शकलं नसतं. तेव्हा शेजारी कोण बसणार नाही हे ठरलेलं होतं. स्वयंपाकघरात काळ्या बायका, टेबलाभोवती गोरे, ही त्या प्रदेशातली सर्रास रचना. कोलार्ड, भेंडी, चवळी, भात ज्यांच्या हातांनी तिथे रुजले ती पश्चिम आफ्रिकेतून साखळ्या घालून आणलेली माणसं आणि त्यांची लेकरं. चवळी तर आफ्रिकेचीच. कॅरोलायना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची भातशेती त्यांच्या ज्ञानावर आणि घामावर उभी राहिली. त्यांनी शिजवलेलं चालायचं, त्यांच्याशेजारी बसून खाल्लेलं चालायचं नाही. आपल्याकडे शिवाशिवीचा नियम बरोबर उलटा, शिजवणाराच वरच्या जातीचा हवा. नियम उलटे, पण बसायची जागा दोन्हीकडे आधीच वाटलेली.

सॅव्हानाचंच उदाहरण घ्या. १६ मार्च १९६० रोजी ब्रॉटन स्ट्रीटवरच्या लेव्हीज या दुकानातल्या उपाहारगृहात काळे विद्यार्थी जाऊन बसले. अटक झाली. मग काळ्या समाजाने त्या रस्त्यावरच्या दुकानांवर बहिष्कार टाकला, पुढारी डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ, नोकरीने पोस्टमन. सव्वा वर्षाहून जास्त काळ तो चालला, तेव्हा १९६१ च्या जुलैत शहरातले लंच काउंटर सगळ्यांना खुले झाले. लेव्हीजच्या इमारतीत आता कला महाविद्यालयाचं ग्रंथालय आहे. जोन्स स्ट्रीटवरून चालत जाता येतं, रांगेआधी जाऊन या.

उपाहारगृहांतला असा वर्णभेद बंद करणारा कायदा देशभर आला १९६४ साली. त्याविरुद्ध बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यूचा मालक कोर्टात गेला. त्याच्याकडे काळ्या गिऱ्हाइकांना फक्त बांधून मिळायचं, बसायला नाही. डिसेंबर १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. निकालाचा आधार काय, तर मांस! वर्षभरात घेतलेल्या दीड लाख डॉलरच्या मालापैकी ४६ टक्के मांस परराज्यातून आलेलं, म्हणून हा आंतरराज्य व्यापार, म्हणून केंद्राचा कायदा लागू. माणसाला खुर्ची मिळाली ती मांसाच्या बिलावरून.

तिखटजाळ

आता जेवतानाही इतिहास. रताळं खाऊ द्या की हो सुखाने.

अभ्यासू_आळशी

खा ना. मीही खातो, दोनदा वाढून घेतो.

रानजाई

मला तर हा प्रतिसाद आवडला. कुणाच्या हातचं आपण खातोय ते माहीत असलं तर घास कडू कशाला होईल?

भटक्या नाना

तिखटजाळ, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगतो, हीही टेबलाचीच आहे.

माँटगोमेरी, अलाबामा. जॉर्जिया गिलमोर नावाची बाई एका उपाहारगृहात स्वयंपाकी होती. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्यांचा १९५५-५६ चा बस बहिष्कार सुरू झाला तेव्हा तिने आसपासच्या बायका जमवून सँडविच, केक, पाय, चिकन करून विकायला सुरुवात केली. पैसे चळवळीला. गटाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर तयार, कुठूनच नाही! केक घेणाऱ्यांत गोरेही असायचे, त्यांचीही नावं लपायची. मार्टिन लूथर किंग यांच्या खटल्यात तिने साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. मग किंग यांच्या मदतीने तिने घरातच जेवणघर सुरू केलं. टेबल लहान, लोक फार, काही उभ्यानेच खायचे. किंग स्वतः तिथे येत. गोरे आणि काळे तिथे एकत्र जेवत, ज्या गावात बसमध्ये एकत्र बसण्यावरून एवढं रामायण झालं होतं तिथे!

१९९० साली, काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा मोर्चाच्या पंचविसाव्या स्मरणदिनी, ती पहाटे उठून मोर्चेकऱ्यांसाठी चिकन आणि मॅकरोनी-चीज करत होती. त्याच दिवशी ती गेली. घरच्यांनी ते अन्न भेटायला आलेल्यांना वाढलं.

मीरा_टेनेसी

नाना, हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

अभ्यासू_आळशी

नाना, सुरेख. यावरून रत्नागिरी आठवली. १९३१ सालचं पतितपावन मंदिर आणि तिथली सगळ्या जातींची सहभोजनं, पुढे अनंत हरि गद्रे यांचे झुणका-भाकर सत्यनारायण. तिकडे कोर्टात मांसाची बिलं मोजली गेली, इकडे प्रसादाला झुणका ठेवला. दोन्हीकडे लोकांना आधी कळलं होतं की सभेत शेजारी बसवणं सोपं, जेवायला बसवणं अवघड.

खानावळवाला

माझ्या वडिलांनी मेस काढली तेव्हा 'अमुक लोकांसाठी वेगळे पेले ठेवा' असं सांगणारी गिऱ्हाइकं होती. वडिलांनी सगळेच पेले स्टीलचे, एकसारखे आणले, एका पिंपात. चार गिऱ्हाइकं सुटली. यापेक्षा जास्त क्रांती आमच्या घराण्यात नाही.

तिखटजाळ

खानावळवाला, तुमच्या मेसला येईन. एकट्याचं टेबल द्या म्हणजे झालं.

खानावळवाला

एकट्याचं टेबल नाही. आमच्याकडेही बाकडीच आहेत.

पिंपळपान

उशिरा आलो. जॅक्सनव्हिलहून लिहितोय, सॅव्हाना आम्हाला दोन-सव्वादोन तासांवर. काही बारीकसारीक गोष्टी, जाणाऱ्यांसाठी.

रांगेत सावली कमी, आणि जून ते सप्टेंबर दमट उकाडा असा की मुंबईकरांनाच सोसेल. म्हातारी माणसं असतील तर एकाने रांगेत उभं राहावं, बाकीच्यांनी झाडाखाली बसावं, आत जायच्या वेळी मात्र सगळे हजर हवेत. मुलांना कमी दर असतो. अशा टेबलांवर काही ठिकाणी आधी प्रार्थना होते. आपण डोकं खाली घालून गप्प बसायचं, ज्याला हवं त्याने मनात 'वदनी कवळ' म्हणावं, कोण विचारतंय! वाडगा टेबलावरचे सगळे ज्या दिशेने सरकवतात त्याच दिशेने सरकवायचा. मध्येच उलटा पाठवला की टेबलावर वाहतूक तुंबते.

आणि परतताना आडरस्त्याला लागा, महामार्गाने नको. 'बॉइल्ड पीनट्स' अशी हाताने रंगवलेली पाटी दिसली की गाडी थांबवा. ओल्या शेंगा, मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकडलेल्या, कढईतून गरम पिशवीत. डुकराचा संबंध नाही, फक्त 'हॅम' लिहिलेलं वेगळं भांडं शेजारी असतं ते टाळा. रानजाई, तुमच्या सासूबाईंचं जेवण हे.

रानजाई

उकडलेल्या शेंगा! सासरे हे ऐकून आत्ताच बॅग भरतील. बरं, आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सॅव्हानाला जायचं म्हणतोय, थंडीत रांगही कमी असेल ना?

ओसरी

रांग अजिबात नसेल, कारण विल्क्सबाईंची खानावळ जानेवारीभर बंद असते. फेब्रुवारीत या, मात्र मार्चमध्ये नको. सेंट पॅट्रिक्स डेला सॅव्हानात एवढी गर्दी लोटते की गाडी लावायला शेजारच्या राज्यात जावं लागेल.

चकली_चोर

फेब्रुवारी ठरवा. आम्हीही येतो, म्हणजे दहातले चार ओळखीचे. तिखटजाळ, येताय का? तुम्हाला कोपऱ्यातली खुर्ची.

तिखटजाळ

चहा साधा मिळणार असेल तर बघू.